वापरातले घर : प्रस्तावना

संसाराला लागणारे सामान आणि बाकीची मालमत्ता यांत कायदाही फरक करतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या ६०व्या कलमाप्रमाणे कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. पण त्याचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्मरिवाजाने स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारे आणि शेतकऱ्याची औते हीदेखील याच यादीत येतात. या वस्तू लिलावात काढल्या तर हाती फारसे काही लागणार नाही. उलट त्या गेल्या की त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल पेटत नाही. बाजारात ज्यांना फारशी किंमत नाही आणि घरात ज्यांच्यावाचून पान हलत नाही, अशा वस्तूंचा हा विषय आहे.

महाराष्ट्रात या वस्तूंचा अभ्यास उशिरा सुरू झाला. इतिहासकारांनी बखरी, ताम्रपट आणि नाणी तपासली, संग्राहकांनी तलवारी आणि मूर्ती गोळा केल्या. फणी, कुंकवाचा करंडा, रवी, अडकित्ता यांच्याकडे पाहण्यासारखे काही आहे असे फार थोड्यांना वाटले. त्या थोड्यांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) अग्रभागी येतात. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, कुलपे, स्वयंपाकघरातली भांडी, लहान मुलांची खेळणी अशा वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. १९७५ साली त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. आज त्या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. एका साध्या झाऱ्यावर किंवा पळीच्या दांड्यावर कारागिराने मोर, हत्ती, वेल किती मन लावून कोरले आहेत हे तिथे दिसते. रोजच्या कामाची वस्तू देखणीही असावी, ही हौस फक्त श्रीमंतांची नव्हती.

मात्र काचेमागे ठेवलेली वस्तू अर्धीच असते. तिचा घाट दिसतो, नक्षी दिसते, धातू कळतो. पण ती कोणी दिली, कोणाच्या हातात राहिली, कशाने मोडली आणि कोणी सांधली हे तिथे समजत नाही. घरगुती वस्तूचे खरे महत्त्व नेमके या गोष्टींत असते. म्हणून घराचे सामान समजून घ्यायचे तर वस्तूबरोबर तिचा वापरही नोंदवावा लागतो. हे काम सामानाची यादी करण्यापेक्षा अवघड आहे आणि निकडीचेही आहे, कारण वस्तू माळ्यावर पन्नास वर्षे टिकते, ती वापरणारे हात टिकत नाहीत.

जात्याचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. काळ्या दगडाच्या दोन तळ्या: खालची स्थिर, वरची फिरती, वरच्या तळीला कडेशी खुंटा आणि मधोमध तोंड. त्या तोंडात मूठमूठ धान्य टाकायचे, त्याला वैरण घालणे म्हणतात. दळून दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून घ्यावी लागते. 'जाते टाकवणारी' बाई किंवा बाप्या दारावरून हाक देत जाई. इतकी माहिती कोणत्याही संग्रहालयाच्या पाटीवर मावते. पण पहाटे घर झोपेत असताना दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा ओढत, आणि त्या फेऱ्यांच्या लयीत ओव्या येत. त्या ओव्यांत माहेर असे, भाऊ असे, विठ्ठल असे. आणि सासरी दुसऱ्या कोणापाशी उघड बोलता न येणारा सल असे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे गावोगावचे धन छापून काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तर हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. २०१७पासून त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. एका दगडी यंत्राभोवती स्त्रियांनी रचलेले एवढे मोठे मौखिक साहित्य उभे राहिले, ही मराठी संस्कृतीतली असामान्य घटना आहे.

तरीही जात्याची आठवण काढताना भान ठेवायला हवे. रोजच्या भाकरीपुरते पीठ काढायला बाईची झोप आणि खांदे खर्ची पडत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी ती आनंदाने स्वीकारली, आणि पुढे 'सुमीत'सारखे मिक्सर शहरी ओट्यांवर आले तेव्हा पाट्यावर वाकणाऱ्या कमरेला पहिल्यांदा विसावा मिळाला. पाट्यावरच्या चटणीची चव वेगळी असते हे खरे; पण ती चव रोज कोणाच्या कष्टांतून येत होती हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे अन्यायाचे आहे. जाते रोजच्या कामातून गेले हे चांगले झाले. ओव्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत हे त्याहून चांगले झाले.

रोजच्या कामातून सुटलेली ही दगडी अवजारे घरातल्या विधींत मात्र अजून पाय रोवून आहेत. लग्नघरी जात्याला आणि मुसळाला हळदकुंकू लावून घाणा भरतात. लग्नाची हळदही मुहूर्तापुरती का होईना जात्यावर दळतात. बारशाला बाळ पाळण्यात जाण्याआधी कुंचीटोपडे घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात फिरवला जातो. पाचवीच्या पूजेतही पाटा-वरवंटा मांडतात. हे सारे विधी घर धान्याने भरलेले राहावे आणि जन्मलेले मूल दगडासारखे टणक व्हावे, या इच्छेतून आले असावेत असे मानायला जागा आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिलाही हळदकुंकू वाहतात. वर्षभर कोपऱ्यात उभी असणारी वस्तू त्या संध्याकाळी देवाशेजारी बसते. खंडेनवमीला पूर्वी विळीकोयता पूजत, आता शिवणाचे यंत्र आणि दुचाकी पूजतात. ज्याच्यावर घर चालते त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, ही रीत काळ बदलला तरी वस्तू बदलून चालू राहिली आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी अधिक विस्ताराने सांगायला हवे, कारण मराठी कुटुंबांनी आपला इतिहास जितका या भांड्यांवर लिहिला तितका कागदावर लिहिला नाही. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अजून ठोक्यांनी जागी होते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने शेजारी शेजारी ठोके देत जाण्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला चकाकी येते आणि धातूही कठीण होतो. हंडा, कळशी, घंगाळ, तपेले, परात, पाणी तापवण्याचा बंब हा एकेकाळी प्रत्येक सुस्थित घराचा ऐवज होता. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते. कल्हईवाला दारापुढे खड्डा खणून, भाता लावून कोळसे फुलवी. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून ते कापसाने पुसून काढी, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेले कथील एका हातासरशी सगळीकडे फिरवी. पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज होऊन आतून चांदीसारखे पांढरे झालेले भांडे वर येई आणि भोवती जमलेली मुले ते पाहत राहत.

या भांड्यांवर नावे घालण्याची चाल होती. लग्नात, मुंजीत, बारशाला, डोहाळजेवणाला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख टिंबाटिंबांनी कोरलेली असे; कोणाच्या स्मरणार्थ दिले असेल तर त्याचेही नाव. आजही एखाद्या जुन्या घरातली मांडणी वाचत गेले तर त्या कुटुंबाची सोयरीक कोणत्या गावांशी होती, कोण कोणाचा मामा, कोणती आत्या कधी वारली, हे कळते. तारखा शके आणि इसवी अशा दोन्ही सापडतात. पंचांग सोडून इंग्रजी तारीख घरात कधी शिरली याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. कित्येक घरांत आजीचे पूर्ण नाव लिहिलेले असे एकच ठिकाण सापडते, ते तिच्या लग्नातल्या तांब्यावर. जमीन, घर, व्यापार ही पुरुषांच्या नावे असत. माहेरची भांडी मात्र बाईची स्वतःची. अडीअडचणीला तिने तीच गहाण टाकली आणि जमेल तेव्हा सोडवून आणली. स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेची पूर्ण मालकी तिची, असे हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने १९५६ साली सांगितले. त्याच्या कितीतरी आधीपासून हंड्याकळशांवर कोरलेली ही नावे तिचा हक्क आपल्या परीने सांगत होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील आले, आणि कल्हई नको, चिंच लावून घासणे नको म्हणून ते झपाट्याने पसरले. पितळेची जड भांडी मोडीत वजनावर गेली. त्यांच्याबरोबर वर सांगितलेली नावेही वितळली. हा तोटा तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही. नाव घालायची सवय मात्र सुटली नाही: भांड्यांच्या दुकानात विजेच्या सुईने स्टीलच्या वाटीवरही नाव कोरून मिळते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटलेल्या चमच्यावरसुद्धा ते दिसते.

घरातली वस्तू बहुधा कोणीतरी दिलेली असते, आणि देण्याचे नियम नात्याने ठरलेले असतात. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बाळंतविडा माहेरचा. पाळणा, दुपटी, कुंची, वाळे यांत आजोळचा वाटा मोठा. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण तांब्याच्या किंवा चांदीच्या ताम्हणात देतात. दारी येणाऱ्या सवाष्णीची ओटी भरतात. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. या देवघेवीचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो, तरी तो चुकत नाही. घरात कोणत्या वस्तूंना मान आहे हे पाहिले तर त्या घराने कोणती नाती जपली आहेत ते समजते.

बाळगुटीची सहाण ही अशीच एक वस्तू. हळकुंड, मुरडशेंग, सुंठ, जायफळ, हिरडा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम एका लहानशा डब्यात असतात, आणि प्रत्येकाचे किती वेढे द्यायचे ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असते. जायफळ एखाद्या वेढ्यावर थांबवायचे, बदाम जास्त उगाळायचा. हे प्रमाण पुस्तकातून घेतलेले नसते. सासूने सुनेला, आईने लेकीला हातात हात धरून दाखवलेले असते. सहाण विकत मिळते, वेढ्यांचे ज्ञान मिळत नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली, तेव्हा आईपासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींनी ही पुस्तके वस्तूइतकीच जपली. तेलाचे डाग पडलेली, समासात पेन्सिलीने स्वतःचे प्रमाण लिहिलेली अशी प्रत हाही अभ्यासाचा ऐवज आहे.

गोधडीविषयी वेगळे सांगण्याजोगे असे आहे की ती विकत आणलेल्या कापडाची क्वचितच असते. जुनी नऊवारी लुगडी, धोतरे, मुलांची अंगडी एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत येणारे धावदोऱ्याचे चौकोन घालत ती शिवतात. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात दुपारी चार बायका एकत्र बसून एकीची गोधडी पुरी करत, मग दुसरीची घेत. आजीचे लुगडे वरच्या थराला घेतात ते मऊ असते म्हणून, आणि ते आजीचे असते म्हणूनही. फाटली की ठिगळ लागते, ठिगळाने जाडी वाढते, आणि अशी एकच गोधडी तीन पिढ्यांना पुरते. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेण्याची रीत सुरू झाली तेव्हा गोधडीचा कच्चा माल दुसरीकडे गेला. कृत्रिम धाग्यांच्या साड्यांची गोधडी तशी ऊबही देत नाही.

वस्तू कोठे ठेवायची हे घराच्या बांधणीवर अवलंबून असते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदी वाड्यांत धान्यासाठी भिंतीत बळद आणि जमिनीत पेव असे. कोकणात माजघरापलीकडच्या वळईत भात राही, दारात पाण्याची दगडी डोण असे आणि विळीलाच नारळाची खवणी जोडलेली असे. गोव्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण रगड्यावर होई. मुंबईच्या चाळीत हे सारे एका खोलीत आले. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली मिळे. एवढ्या जागेत पिंप, पत्र्याची ट्रंक, भिंतीतली मांडणी, माळा, दोरीवरचे कपडे आणि गणपतीचा कोनाडा बसवणे हे मोठे कसब होते. पलंगाखाली संसार, पलंगावर म्हातारी माणसे, आणि उरलेल्यांची अंथरुणे व्हरांड्यात. जागा नसल्यामुळे इथे वस्तू समाईक झाल्या: पाटा एकीचा, पुरणयंत्र दुसरीचे, मोठी पातेली मंडळाची. म्हाडाच्या पुनर्विकासात यांपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. आता प्रत्येकाचे स्वतःचे सगळे असेल, आणि दार बंद ठेवता येईल. दोन्ही गोष्टी लोकांनी दीर्घकाळ मागितल्या होत्या आणि त्या त्यांच्या हक्काच्या आहेत.

घरातल्या सगळ्याच वस्तूंनी माया वाहिली असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांनी अपमानही वाहिला. वेगळा ठेवलेला कप, वरून ओतलेले पाणी, पंगतीत बाजूला मांडलेले पान ही जातिव्यवस्थेची रोजची हत्यारे होती. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याचे एक मूळ घरोघरच्या या भांड्यांत होते. केरसुणी वळणारे मातंग, टोपल्या विणणारे बुरूड, जात्याला टाकी लावणारे वडार यांच्या हातची वस्तू घरात चाले, ते स्वतः उंबऱ्याबाहेर उभे राहत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा'त (१९१५) बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे. पण ज्यांच्या घरात भांडीच मोजकी होती त्यांचा संसार आतून कळतो तो दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) सुरू झालेल्या दलित आत्मकथनांतून. मराठी घराच्या वस्तूंवर लिहिणाऱ्याने ही आत्मकथने रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणींशेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत. नाहीतर वाडा हेच मराठी घर, असा समज पक्का होतो.

विषय जुन्या वस्तूंपाशी थांबत नाही. १९२३ साली गोदरेजने पहिले पोलादी कपाट बनवले; पुढे लग्नात ते देणे प्रतिष्ठेचे झाले आणि मंगळसूत्रापासून रेशनकार्डापर्यंत घराचे सारे महत्त्वाचे त्याच्या चोरकप्प्यात गेले. 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झाले. त्यावर एकादशी आणि संकष्टी पाहतात तितकेच दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि बाईच्या सुट्ट्या लिहितात. वर्ष संपल्यावर ते रद्दीत जाते. एका कुटुंबाच्या बारा महिन्यांची इतकी खरी नोंद दुसरीकडे कुठेही नसते. परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत लाटणे आणि मिसळणाचा डबा जातो. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मराठीभाषक बेने इस्रायल कुटुंबांत मंगलप्रसंगी पोहे, खोबरे आणि साखर घालून केलेल्या मलिद्याचे ताट आजही मांडले जाते.

या विषयाची साधने प्रत्येकाच्या घरी आहेत आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. वाचकाने निदान एवढे करावे: घरातल्या मोठ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे, एकेक भांडे खाली काढावे, त्यावरचे नाव आणि तारीख जशीच्या तशी उतरवून घ्यावी, ते कोणी दिले, त्यात काय शिजे, ते कधी गहाण पडले हे विचारावे. वस्तूचे त्या घरातले, त्या गावचे नाव लिहावे. छापील नावाशी ते जुळत नसेल तरी तेच लिहावे. गुटीचे वेढे, गोधडीत कोणाकोणाचे कापड आहे ते, आणि कल्हईवाला कोणत्या गावाहून येई तेही. भांडी मोडीत घालायचीच असतील तर ती वही पुरी झाल्यावर घालावीत.